पहिल्या पावावरचा अंगठा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा बेकरी आणि भाषणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. खुब्याचे हाड मोडल्यामुळे मी अंथरुणावर आहे. डोके मात्र चालते आणि जीभ त्याहून जास्त चालते, याची डॉक्टरीणबाईंनी खात्री करून घेतली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणण्याचा एक प्रयत्न झाला, तो कलम दोनमध्ये येईल. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

एक. बेकरी, भट्टी आणि भट्टीवरची ही खोली मी माझ्या भाचीला देते. घरीदारी तिला सगळे ठिणगी म्हणतात.

दोन. ठिणगीचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ. "पोरीला भट्टीतलं काय कळतंय? जागा विक आणि मोकळी हो," असे तो माझ्या उशाशी बसून, मला आणलेली फळे स्वतःच खात सांगत होता. त्याला वडिलांची गल्ल्यावरची खुर्ची देते. लहानपणापासून त्याचा तिच्यावर डोळा आहे. ती त्याने त्याच्या घरी न्यावी. दुकानात एक दिवसही ठेवू नये. का, ते सांगते.

वडिलांच्या काळी भट्टी सांभाळणारे आमचे भट्टीकाका प्रत्येक खेपेतला पहिला पाव काढून खिडकीच्या फळीवर ठेवत. वडील येत, अंगठ्याने दाबून पाहत आणि मनासारखा असला तर जोर देऊन खड्डा पाडत. खड्डा पडला की बाकीची खेप बाहेर. वडील गेले. आम्ही पुन्हा भट्टी पेटवली, आणि फळीवरच्या पावावर खड्डा होता. माझ्या अंगावर काटा आला. पुढे कित्येक वर्षे तो उमटत राहिला. शेवटी एकदा भट्टीकाकांना मी तो पाडताना पकडले.

"काका, हे काय?"

"ताई, मालकांना विचारल्याशिवाय खेप कशी काढू?"

"मालक कुठे आहेत आता?"

"म्हणून तर माझा अंगठा लावतो. त्यांचा समजून."

पाव कधी झाला हे काकांना चांगले कळत होते. आपल्याला ते कळते, एवढेच आम्ही त्यांना कधी कळू दिले नव्हते.

त्या दिवसापासून मी बोलत सुटले. शिंपी, छापखानेवाले, सायकलवाले, जिथे चार मालक जमतील तिथे उभी राहून ओरडले: मालकांनो, घरी जा! तुम्ही माणसे कामाला ठेवली आहेत की वाट बघायला? "मालकांना विचारतो" हे दिवसभर ऐकून ज्याची छाती फुगते, त्याने दुकान काढलेले नाही, स्वतःचा पुतळा उभारला आहे!

तीन. माझ्या बचतीतून एक निधी करावा. जो छोटा धंदेवाला महिनाभर आपल्या दुकानाकडे फिरकणार नाही, त्याच्या जागी काम बघणाऱ्याचा पगार या निधीतून द्यावा. फोन केला की पगार बंद. निधी समोरचे चष्मेवाले सांभाळतील. यातली पळवाट त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. माझे ऐकून ते घरी बसले खरे, पण गच्चीवरून दुर्बिणीने दुकान बघत होते. बायकोने गच्चीची शिडी काढून घेतली तेव्हा ते सुटले.

चार. व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी भर सभेत माझा माईक बंद केला होता. माझा कर्णा त्यांना द्यावा. मी अजून बोलते आहे, असे समजावे.

पाच. माझी पुस्तके वाचनालयाला. समासातली भांडणे खोडू नयेत.

सहा. आता ज्यासाठी हे सगळे लिहिले, ते. मीही माझेच ऐकले. भट्टी ठिणगीच्या हाती दिली आणि खाली जाणे सोडले. मग हाड मोडले आणि जिनाच सुटला. गेल्या आठवड्यात ठिणगी वर आली. हातात पाव होता.

"आत्या, तू खाली आली होतीस?"

"मला कुशीवर वळता येत नाही, खाली कुठली येते?"

तिने पाव पुढे केला. त्यावर खड्डा होता, आणि खड्ड्यात एक तिरपी रेघ. माझ्या उजव्या अंगठ्यावर भट्टीच्या पत्र्याने भाजल्याचा तिरपा वण आहे. असा दुसरा अंगठा या घरात नाही.

"फळीवर पाव ठेवलासच कशाला?"

"तुला विचारल्याशिवाय खेप कशी काढू गं?"

दुसऱ्या दिवशी खड्डा पडला नाही. ठिणगी फळीपाशी वाट बघत उभी राहिली आणि आतली अख्खी खेप करपली. तो वास माझ्या उशीतून अजून जात नाही.

भुतांवर माझा विश्वास नाही आणि या वयात तो बसायचाही नाही. पण मी जिवंत असतानाच माझे भूत खाली कामाला लागले आहे. मी गेल्यावर ते किती माजेल? म्हणून माझी आज्ञा, आणि ही शेवटचीच: मला या घरातून बाहेर काढण्याआधी ती फळी निघाली पाहिजे. ठिणगीने स्वतःच्या हाताने उखडून ती भट्टीत घालावी. त्या जाळावर पाव भाजावा आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता विकावा. त्या दिवशी दुकान बंद ठेवू नये. माझा फोटो लावू नये. "आत्या असत्या तर" असे जो म्हणेल, त्याला त्या दिवसापुरते घरी पाठवावे.

वकील म्हणतात, हात थरथरतो आहे तर सहीशेजारी अंगठाही उठवा, म्हणजे भावाला कोर्टात बोलायला जागा उरणार नाही. शाईची डबी उघडून ठेवली आहे. ठिणगी दारात उभी आहे आणि माझ्या अंगठ्याकडे बघते आहे.

मी फक्त सही करते. यापुढे माझा अंगठा कोणत्याही कागदावर किंवा पावावर दिसला, तर तो माझा समजू नये.

सही: बेकरीवाली

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली म्हणून:
१. डॉक्टरीणबाई
२. चष्मेवाले (दुर्बीण घरी ठेवून आले आहेत)

ठिकाण: भट्टीवरची खोली
दिनांक: महिन्याचा दुसरा सोमवार, बेकरीची सुट्टी. भट्टी थंड आहे. ताज्या पावाचा वास येतो आहे, त्याकडे साक्षीदारांनी लक्ष देऊ नये.