एकवीस मुलं, बावीस चिठ्ठ्या

गुरुजी, काल अकरावीच्या वर्गात महाभियोग शिकवला. दर वर्षी शिकवतो. अमेरिकेच्या एका अध्यक्षावर तो दोनदा चालला, दोन्ही वेळा तो सुटला आणि पुढं लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं, हे सांगितलं की मुलं हसतात. काल एक मुलगी हसली नाही. "सर, मग त्याचा उपयोग काय?" तिनं विचारलं. आरोप ठेवणं वेगळं आणि पदावरून काढणं वेगळं, असं पुस्तकातलं उत्तर मी दिलं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. उत्तर बरोबर होतं, तरी घरी येईपर्यंत मला तुमची शाळा आठवत राहिली.

देवगाव फाट्यावर जीपमधून उतरून तुम्ही चालत यायचात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात ट्रान्झिस्टर. मधल्या सुट्टीत तो टेबलावर वाजायचा आणि आम्ही सातवीची मुलं भाकरी खात खात बातम्या ऐकायचो. त्या हिवाळ्यात अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षावर महाभियोग चालला होता, बातम्यांत तो रोज असायचा. "गुरुजी, त्यानं केलं काय?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत, पुन्हा काढलंत. "खोटं बोलला," म्हणालात. "एवढंच?" "एवढंच." "मंग आपल्या गावात तर सगळ्यायवरच लावा लागंल की, गुरुजी." तुम्हाला ठसका लागला. हसू आवरताना तुम्हाला नेहमी ठसका लागायचा.

शाळेचं मंत्रिमंडळ होतं. मुख्यमंत्री एकच आणि रुसणारे तिघं, म्हणून तुम्ही राष्ट्रपती हे नवं पद काढलंत आणि ते मला दिलंत. नुसत्या नावानं माझं समाधान होईना, तेव्हा हजेरी घेण्याचं काम दिलंत. मी हजेरी मांडायची, महिन्याच्या शेवटी तुम्ही सही करायची. ही तुमची चूक होती, असं आज मला वाटतं. पदं खेळातली होती, पण हजेरी खरी होती. तेव्हा शाळेत खिचडी शिजत नव्हती. महिन्यात पुरेसे दिवस भरले तर घरी तीन किलो तांदूळ मिळायचे. आणि मी उशिरा येणाऱ्यांकडून बोरं घ्यायला लागलो. बांधावरची, आंबटगोड, मूठभर. मूठ मिळाली की हजर.

एक मुलगी बोरं आणत नव्हती. तिचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. आजीचं पाणी भरून, धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती प्रार्थना संपता संपता पोचायची. मी तिला गैरहजर मांडत गेलो. महिना संपला आणि तिच्या घरी तांदूळ गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती तुमच्या टेबलासमोर उभी राहिली. भाऊ कडेवरच होता. "गुरुजी, मी रोज येते. ह्यो बोरं घेऊन हजेरी मांडायलाय." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मला वाटलं, आता छडी. पण तुम्ही म्हणालात, "राष्ट्रपतींवर आरोप आहे. रीतीनं चालू द्या."

मी फळ्याजवळ उभा आहे. तुम्ही खुर्ची सोडून मुलांत, सतरंजीवर बसला आहात. "तुमच्यावरचा आरोप खरा आहे का?" तुम्ही मला 'तुम्ही' म्हणून विचारता. "न्हाई, गुरुजी." "बोरं घेतली नाहीत?" "न्हाई." ती एवढंच म्हणते, "खिसा बघा की त्याचा." वर्ग हसतो. तुम्ही खिसा बघत नाही. बघितला असता तर बिया निघाल्या असत्या आणि सगळं पाच मिनिटांत संपलं असतं. तुम्ही वहीची पानं फाडून चिठ्ठ्या करता. मला सोडून वर्गात एकवीस मुलं. दोन तृतीयांश, म्हणजे चौदा मतं पडली तर माझं पद जाणार आणि तिची हजेरी दुरुस्त होणार.

खडूच्या खोक्यातून चिठ्ठ्या निघाल्या त्या बावीस. माझ्या विरुद्ध चौदा, बाजूनं आठ. तुम्ही पुन्हा मोजल्यात. "एकविसात चौदा पुरतात. बाविसात पुरत नाहीत. एक चिठ्ठी जास्तीची आहे. ज्याची असेल त्यानं सांगावं." मग तुम्ही थांबलात. रागावला नाहीत, कुणाचं नाव घेतलं नाहीत, शाळा सुटेपर्यंत नुसते थांबलात. कुणी उठलं नाही. "ठराव पडला," तुम्ही म्हणालात आणि हजेरीपट माझ्या हातात परत दिलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तुमच्या घरचे तांदूळ पिशवीत घालून तिच्याकडं गेलात, हे मला मागाहून कळलं. आजीनं तुम्हाला दारातूनच सांगितलं म्हणे, "पोरगी गेली, गुरुजी. तांदूळ न्हाई तर शाळा कामून? मामाबरुबर फडावर धाडली, दोघायलाबी." ती परत शाळेत आली नाही. मी तुमच्यावरही रागावलो आहे, गुरुजी, इतकी वर्षं. तुमच्या एका सहीनं तिची हजेरी दुरुस्त झाली असती. बारा वर्षांची पोरं आपलं आपण खरं बोलतील, यावर तुम्ही एवढा विश्वास का ठेवलात? पण रागावलो की तो वर्ग समोर येतो, सतरंजीवर आमच्यात बसलेले तुम्ही दिसता, आणि इतक्या आदरानं मला पुन्हा कधी कुणी प्रश्न विचारला नाही हेही आठवतं.

जास्तीची चिठ्ठी माझी होती. तुम्ही ओळखलं असणार.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी मानवतच्या स्टँडवर आपली गाठ पडली. काठी होती, नजर कमी झाली होती. आवाजावरून मला ओळखलंत. "काय शिकवतोस?" "राज्यशास्त्र, गुरुजी." "महाभियोग असतो का त्यात?" "असतो." तुम्ही मान हलवलीत आणि माझ्याकडं बघत थांबलात, त्या दिवशी वर्गात थांबला होतात तसेच. तेवढ्यात पाथरीची गाडी फलाटाला लागली. मी तुमची पिशवी उचलली. "चला गुरुजी, गाडी सुटंल," म्हणालो, तुम्हाला हाताला धरून वर चढवलं, खिडकीशी जागा करून दिली आणि नमस्कार करून निघून आलो.

गाडी सुटायला अवकाश होता. कंडक्टर अजून चहा पीत होता. मी पाहिलं होतं.