पाचव्या भागानंतर

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. म्हणजे जसे होते तसे आहेत. मी डायलिसिसच्या खोलीत बसून लिहिते आहे. गुडघ्यावर एक जुनं मासिक आणि त्यावर कागद, म्हणून अक्षर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं आलंय, तेवढं सांभाळून घे. शेजारच्या खुर्चीत तुझी भाची, तुझी वाळवी, डोळे मिटून पडली आहे. झोपलेली नाही, नुसती पडली आहे. डाव्या हातात सुया आहेत, नळीतून रक्त यंत्रात जातंय आणि धुऊन परत येतंय. यंत्र मधूनच कुरकुरतं. पहिल्या पहिल्यांदा त्या आवाजानं मी उठून सिस्टरला हाक मारायची, आता शेजाऱ्याच्या नळासारखा तो कानाआड होतो.

दुकानात काम तेच, चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापानं घासायच्या आणि बसवायच्या. हल्ली दुपारनंतर माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी येते. मालक भला आहे, इथे यायच्या दिवशी अर्ध्यातून सोडतो. पण राहिलेल्या काचा दुसऱ्या दिवशी टेबलावर माझी वाट बघत बसलेल्या असतात. तुझ्या भावोजींनी लांबच्या फेऱ्या सोडल्या, आता शहरातल्या शहरात सामानाची गाडी चालवतात. घरात आम्ही तिघं बोलतो ते बहुतेक गोळ्या आणि पाणी यांबद्दल. किती प्यायलीस, अजून किती उरलंय. थकवा म्हणजे झोप न होणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता झोपून उठलं तरी तो उशाशी बसलेला असतो.

तिला पहिल्यांदा भरती केलं तेव्हा तू धावत आलास ते आठवतंय? लोक येताना फळं आणतात, तू त्या नद्यांच्या कादंबरीमालेचा जाडजूड पहिला भाग आणलास. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, पोर अंथरुणात आहे आणि तू ही वीट कसली आणलीस? तू म्हणालास, "ताई, तू गप बस, हे आमचं दोघांचं आहे." आणि पलंगाच्या कडेवर बसून पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचायला लागलास. ती नावाड्याची मुलगी, नद्यांना नावानं हाक मारली की नद्या तिच्यामागून चालत येतात. आणि तो लंगडा बगळा, जो तिला वाट दाखवतो पण खरं किती बोलतो आणि खोटं किती, ते कुणालाच कळत नाही. बगळ्यासाठी तू नाक चिमटीत धरून बोलायचास. सिस्टर रागावायला आली आणि प्रकरण संपेपर्यंत हातात ट्रे धरून दारातच उभी राहिली. तोवर शाळेच्या पुस्तकापलीकडे एक ओळ न वाचलेली आपली पोर, घरी जायच्या आत तिनं ती वीट संपवली आणि विचारलं, "मामा, दुसरा कधी?" त्याच दिवशी तू तिचं नाव वाळवी ठेवलंस. तिला ते इतकं आवडलं की वहीवरसुद्धा तेच लिहायला लागली.

त्यापायी मला शाळेतून बोलावणंही आलं होतं, ते तुला सांगायचं राहिलं. विज्ञानाच्या पुस्तकाआड तिसरा भाग सापडला. बाई म्हणाल्या, नववीचं वर्ष, आधीच हजेरी कमी, त्यात हे. त्यांचंही खोटं नव्हतं. मी वाटेत तिला चांगली फैलावर घेतली. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आई, वर्गात मी सगळ्यांच्या मागे आहे. कुठला धडा कधी झाला तेच मला कळत नाही. त्या गोष्टीत मला सगळ्या वाटा पाठ आहेत." मग मीच तिचं दप्तर घेतलं आणि आम्ही घरी आलो.

या खोलीतही तिनं सगळ्यांना नादी लावलं. सुया लावणारा टेक्निशियन तिचा सेनापती झाला. तो येताना "काय हुकूम?" असं विचारून मगच तिचा हात धरायचा. समोरच्या खुर्चीतले म्हातारे आजोबा, टपालखात्यातून निवृत्त झालेले, त्यांना डोळ्यांनी वाचवत नाही, ते यंत्र सुरू झालं की म्हणायचे, "हं, मग? धुक्याचा सरदार कुठवर आला?" आणि ही त्यांना मागच्या प्रकरणापासून सांगायची. सुयांचा हात हलवायचा नसतो, म्हणून पुस्तक मी उशीवर उभं धरायची आणि तिनं हनुवटीनं खूण केली की पान उलटायची. एकदा माझा डोळा लागला आणि पुस्तक तिच्या मांडीवर पडलं, तर म्हणे, "आई, ऐन पुरात झोपलीस!" तिला दिवसाला पाणी मोजून, आणि ही पोर तास न् तास नद्यांबद्दल वाचते. मला ते बघवायचं नाही. एकदा न राहवून विचारलं, तहान वाढत नाही का गं याने? तर म्हणाली, "उलट विसरते."

आणि तुमचे रविवारचे फोन. दोघांनी एकच भाग वाचायचा, आठवड्याला ठरलेली प्रकरणं, पुढे कुणी जायचं नाही. मी पलीकडे भाजी चिरत असायची आणि मला फक्त तिची बाजू ऐकू यायची. "नाही, नाही, मामा, बगळा फितूर नाहीये!" "पैज लाव!" "तू नीट वाचलंच नाहीस, पूल कुणी पाडला ते बघ!" तुझ्याशी ती भांडायची तशी आमच्याशी कधी भांडत नाही. आमच्याशी फार शहाण्यासारखी वागते. बापाचा चेहरा बघून स्वतःच म्हणते, आज बरं वाटतंय. तुझ्याशी बोलताना मात्र ती नववीतली मुलगी असायची, आरडाओरडा करणारी. फोन ठेवला की तिचे गाल लाल झालेले असायचे, आणि मला वाटायचं, आठवड्यात दोन रविवार असते तर.

पाचवा भाग चालू होता तेव्हा तू आलास. आम्ही तिला सांगितलं होतं, मामा कामासाठी आलाय. तुला कुणी बोलावलं नव्हतं, हे मी आजही कुणालाही शपथेवर सांगेन. तिला किडनी द्यायला माझी साखर आडवी आली, तिच्या बाबांचा रक्तगट, आणि तूच फोनवर म्हणालास, "ताई, माझं तपासू दे." मी नको म्हटलं का? नको म्हटलं नाही. कुठली आई म्हणेल? शाळेत लस टोचायला माणसं आली की तू तुझा वर्ग सोडून माझ्या वर्गात पळून यायचास, माझ्या बाकाखाली बसायचास, आणि मी तुझा हात धरून तुला रांगेत न्यायची. तोच तू त्या दिवशी बाही वर करून बसलास, भिंतीकडे तोंड करून, आणि रक्त घेणाऱ्या मुलीला म्हणालास, "सगळं नेऊ नका, थोडं ठेवा." सगळे हसले. मीही हसले, पण तुझ्या मानेवरचा घाम मला दिसत होता.

मग डॉक्टरीणबाईंनी आपल्याला आत बोलावलं आणि जुळतंय म्हणाल्या. मी रडायला लागले. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास, पण तो हात गार पडला होता. बाहेर येऊन तू खूप बोलत होतास, काय काय विनोद केलेस, आणि घरी एकदा सांगून येतो म्हणून गेलास. पुढच्या रविवारी फोन आला, छोटा. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून छोटा. मग नाहीच.

तुझी बायको मात्र एकदा माझ्याशी बोलली, ते तुला माहीत आहे की नाही कोण जाणे. रडत होती बिचारी. म्हणाली, "ताई, आमची दोन्ही पोरं अजून लहान आहेत. हे रात्ररात्र जागे असतात. तुम्हाला नाही म्हणायला यांची जीभ उचलत नाही आणि हो म्हणायला धीर होत नाही." मी तिला एक शब्दही वेडावाकडा बोलले नाही. फोन ठेवला आणि कामावर गेले. पण खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मला तुझा इतका राग आला होता की हातातली काच घासता घासता तडकली. तिच्या बाबांचं तर म्हणणं होतं की तडक तुझ्या दारात जाऊन उभं राहावं. गाडीची किल्लीही हातात घेतली त्यांनी. मग जिन्यातच बसून राहिले बराच वेळ, आणि वर येऊन म्हणाले, "तिथे जाऊन मी काय मागणार आहे? मागायची वस्तू आहे का ती?" त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघालेला नाही.

वाळवीला यातलं काही ठाऊक नाही. तू कशाला आला होतास, काय जुळलं, काहीच नाही. तिनं स्वतःचं एक कारण शोधून काढलंय. शेवटच्या फोनवर तिनं तुला कबूल केलं होतं म्हणे, की राहवलं नाही म्हणून ती ठरलेली प्रकरणं ओलांडून पाचवा भाग संपवून बसली. तिला वाटतं, मामा त्यावरून चिडलाय. मी म्हटलं, अगं, एवढ्यावरून कुणी चिडतं का? तर म्हणाली, "नियम होता आई. मीच मोडला."

सहावा भाग येऊन पडलाय. तिच्या मैत्रिणीनं आणून दिला, अजून कोऱ्या कागदाचा वास येतोय त्याला. एरवी तिनं तो दारातच फोडला असता. आता इथे येताना पिशवीत घालून आणते, उशाशी ठेवते आणि उघडत नाही. म्हणते, "मामाचा पाचवा झाला की सुरू करू." सेनापतीनं विचारून पाहिलं, आजोबांनी दोनदा विचारलं, त्यांनाही हेच उत्तर. मग मीच पाचवा वाचायला घेतला, म्हटलं मामा नाही तर आई तरी. आठ-दहा पानांत पेंगायला लागले. तिच्याशी बोलायला गेले तर नद्यांची नावं एकमेकींत मिसळली, आणि ती हसली. चांगलंच हसली. मग माझ्या हातातून पुस्तक काढून घेऊन म्हणाली, "राहू दे आई, तू दमतेस." धाकट्या, या दुखण्यानं मला खूप काही दाखवलं, पण पोरीनं छताकडे बघत ते तास काढावेत, हे मला सुयांपेक्षा जड जातंय.

म्हणून हे पत्र. परवा मी डॉक्टरीणबाईंना भेटले आणि सांगितलं, माझ्या भावाला आता विचारू नका, त्याचं नाव बाजूला ठेवा. त्या म्हणाल्या, ज्याचं मन तयार नाही त्याचं आम्ही घेतही नाही. किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत तिचं नाव आधीपासून आहे, नंबर लागेल तेव्हा लागेल, तोवर ही खोली आहे. तेव्हा आता तुला कुणाला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. कुणी विचारणारच नाही, मीही नाही, तिचे बाबाही नाहीत. माझा राग होता तो गेलाय. खरं तर तो धरून ठेवायला अंगात त्राण नाही. तू घाबरलास. घाबरणारा माणूस आपण होऊन बाही वर करून बसला, एवढं मी विसरणार नाही. पण त्या एका गोष्टीपायी तू पोरीचा मामा असणंच सोडून देऊ नकोस. कुणी तरी अनोळखी माणूस तिला किडनी देऊ शकेल, तिच्याशी पैज लावून भांडायला मात्र दुसरं कुणी नाही. पाचवा भाग वाचून झाला नसेल तर खुशाल तसं सांग, ती आनंदानं थांबेल. रविवारी दुपारी ती घरी असते, झोपून उठली की फोनजवळच बसते. तू फोन कर. तीच उचलेल. मी त्या वेळी बाहेर जाईन.

तुझीच, दमलेली पण तुझीच,
ताई