दत्ताकाकांनी आणून दिलेली बाटली

प्रिय अण्णा,

काल दुपारी दत्ताकाका आले होते. तुम्ही जाऊन आठ महिने झाले, त्यात पहिल्यांदाच ते आपली पायरी चढले. बाजाराच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढून माझ्या हातात दिली. तीच, तुमची परवडणाऱ्यातली सिंगल माल्ट. म्हणाले, "वसंताची एक गेली होती ना, तिच्या बदल्यात ही ठेव. मी नाय रे घेतलेली. पण त्यानं तसंच मनात धरलंन आणि गेला. आता सांगू कोणाला?"

आणि मी काय केलं असेल? बाटली घेतली, आणि चहा टाकायला सांगू का म्हणून विचारलं! ते नको म्हणाले, छत्री उघडली आणि गेले. कालपासून मला आरशात बघवत नाही.

ती बाटली दत्ताकाकांनी घेतली नव्हती, अण्णा. मी घेतली होती.

तुमचे रविवार आठवतात का? तुमची सून नंदा चुलीवरचं म्हणावं असं झणझणीत कालवण गॅसवर ठेवायची आणि तुम्ही दोघे पडवीत बसायचात. अर्धा-अर्धा पेग, त्याच्या वर थेंब नाही. बर्फ नाही, सोडा नाही. डोळ्यांच्या औषधाची धुतलेली बाटली होती तुमची, तिने विहिरीच्या पाण्याचे चार थेंब टाकायचे. आधी उजेडात धरून रंग बघायचा, मग वास, मग जीभ. तीस वर्षं बोटीवर कुक होतात, तिथल्या एका स्कॉटिश इंजिनीअरने शिकवलेलं सगळं तुम्ही तसंच्या तसं जपलं होतंत. "महागातली कोणीही चांगली म्हणेल," म्हणायचात, "परवडणाऱ्यातली चांगली शोधायला नाक लागतं."

आणि ते नाक दत्ताकाकांचं होतं. कचेरीत कारकुनी करून रिटायर झालेला, रत्नागिरीबाहेर फारसा न गेलेला माणूस. पण आंब्याची आढी न उघडता कुठला थर पिकला ते दारातून सांगायचे. ग्लास नाकाखाली धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आढीतला पेंढा. वरचा नाय, खालचा, आंब्याला चिकटलेला." तुम्ही परत हुंगायचात आणि मांडीवर थाप मारायचात. म्हणायचात, "एवढी वर्षं पितोय मेल्या, मला ह्याचं नाव सापडत नव्हतं."

मी आत नंदाला म्हणायचो, हे दोघे दारू पितात की पूजा करतात? तुमच्या कानावर गेलं असेल का ते? घर तेवढं मोठं नाही आपलं.

मग तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ताईकडे मुंबईला गेलात. नवी बाटली कपाटात ठेवून गेलात. आल्यावर नव्या डोळ्यांनी तिचा रंग बघायचा होता तुम्हाला.

त्याच आठवड्यात बागेतली राखण होती, राखणदार देवाला वर्षाचा मान द्यायची. बाग बघणाऱ्या तुकारामने कोंबडा आणला, नारळ आणला, आणि राखणदाराची बाटली आणायची ती मी विसरलो. निवडणुकीमुळे दुकानं बंद. राखण चुकवली आणि मोहोर गळला तर तुकारामने मला जन्मभर ऐकवलं असतं. मी घरी आलो, तुमचं कपाट उघडलं. राखणदाराला काय कळतंय, म्हटलं.

तुकारामने गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. कातळावर दोन टोपणं ओतली. त्याचं मला काही वाटत नाही, देवाचं देवाला गेलं. पण उरलेली बाटली रिवाजाप्रमाणे आम्हा पाचजणांत आली. प्लास्टिकचे ग्लास आणि काळं कोल्ड्रिंक. एकजण म्हणाला, "ह्यात काय दम नाय." आणि मी हसलो. "आमच्या म्हाताऱ्याचं खूळ आहे ते," म्हणालो. अर्ध्या तासात संपली.

तुम्ही परत आलात आणि बाटली विचारलीत. तेव्हाच सांगायला हवं होतं ना? तुम्ही दोन दिवस बोलला नसतात, तिसऱ्या दिवशी हसला असतात. मला ते माहीत होतं. तरी पोरांसमोर बोलणी खायची लाज वाटली, पन्नाशीच्या माणसाला! मी म्हणालो, "तुम्ही नव्हता तेव्हा दत्ताकाका येऊन बसायचे तुमच्या खोलीत. पेपर वाचायला."

एवढंच. त्यात अक्षर खोटं नव्हतं, ते खरंच यायचे. तुम्ही नुसतं कपाट लावून घेतलंत.

पुढच्या रविवारी काका आले तर तुम्ही आतूनच सांगितलंत, आज बरं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत. बाटलीचं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे, पण आपल्या आळीत काय लपून राहतं? अण्णा, तुम्ही तरी त्यांना एकदा विचारायचंत. चाळीस वर्षांच्या मित्राला तोंडावर विचारलं असतंत तर मी तिथेच उघडा पडलो असतो. रागच येतो कधीकधी तुमचा, की माझ्यावर इतका विश्वास कशाला ठेवलात!

दिवाळीत ताईने दुसरी बाटली पाठवली. तुम्ही थोडी ओतलीत, हुंगलीत, पुन्हा हुंगलीत. मग ग्लास माझ्याकडे सरकवून म्हणालात, "तू बघ रे, कसला वास येतोय. मला सापडत नाही." मी वास घेतला आणि म्हणालो, "दारूचा." तुम्ही ग्लास परत घेतलात आणि न पिता आत गेलात. तेव्हा तरी तोंड उघडायचं! तुमचे तीन महिने उरले होते. त्यातले बारा रविवार मी तुम्हाला देऊ शकलो असतो.

हे पत्र लिहिणं सोपं आहे, मला कळतंय. तुम्ही उलट बोलणार नाही, दार लावणार नाही. म्हणूनच आधी तुम्हाला लिहिलं, सोपं होतं ते आधी उरकलं.

आज रविवार आहे. साडेअकरा झालेत. हे संपवून मी दत्ताकाकांकडे जाणार आहे. त्यांची सून घरात असेल, नातवंडं असतील, शेजारचेही कोणी असतील. सगळ्यांच्या देखत सांगणार आहे की बाटली मी नेली आणि आळ काकांवर ढकलला. ते मला बाहेर काढतील तर पुढच्या रविवारी परत जाईन. त्यांची बाटली त्यांना परत देईन. माफ करा म्हणायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. तुमच्याबरोबरचे त्यांचे रविवार गेले, ते मी कुठून आणून देऊ?

तुमचा,
सुधीर