कान त्याचा, सही माझी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर रुसलेलो आहे. गेलेल्या माणसावर रुसू नये म्हणतात. पण सुटीवर नांदेडच्या घरी आलोय, बायको शाळेत शिकवायला गेली आहे, दुपार रिकामी आहे, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो. हँगरमध्ये तुम्ही आमचे वॉरंट ऑफिसर, मूळचे उदगीरचे. मी नांदेडचा, तो, तुमचा लाडका, देवणीचा, दोघंही नव्यानं भरती झालेले. हवाई दलाच्या इतक्या लांबच्या तळावर मराठवाड्याची अशी तीनच माणसं, म्हणून रविवारी काकू आम्हा दोघांना तुमच्या क्वार्टरवर जेवायला बोलवायच्या. तव्यावरची पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडते याकडे माझं लक्ष असायचं. काकू एका रविवारी त्याला, एका रविवारी मला वाढायच्या. तुम्हाला तसली वाटणी कधी जमली नाही.

माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती भूकंपाच्या दिवशी. सकाळी रेडिओवर लातूरचं नाव ऐकलं. उदगीरला फोन लागत नव्हता, देवणीला लागायचा प्रश्नच नव्हता. तुम्हा दोघांची घरं उभी आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक नाही, आणि तंबू-ब्लँकेटं घेऊन जाणारं आमचं मालवाहू विमान दुपारच्या आत तयार करायचं होतं. तुम्ही इंजिनं जमिनीवर चालवून बघायला लावता. सगळे काटे जागच्या जागी. मी तपासणीचा फॉर्म भरायला घेतो. इंजिनं थांबता थांबता तुम्ही हात वर करता, ‘थांब, काहीतरी घासून राहिलंय,’ म्हणता, आणि त्याच्याकडे वळता, ‘तुला आला का आवाज?’ तो म्हणतो, ‘हाव सर. डाव्या इंजिनाच्या पंपाकडून.’ मग तुम्ही माझ्याकडे बघता. मला इंजिनाच्या घरघरीखेरीज काहीही ऐकू आलं नव्हतं, सर. मी म्हणालो, ‘हो, मलाही आला.’ पंप उघडला तर आतलं बेअरिंग खरोखरच खलास झालेलं. तुम्ही त्याला सोबत घेऊन पंप बदलायला बसलात, आणि मला म्हणालात, ‘तू लिही. तुझं अक्षर चांगलंय.’ कुणाला काही विचारावं लागलं नाही. तुमच्या एका सहीवर दुपारी विमान गेलं. त्यानंतर मी जो लिहायला बसलो तो आजतागायत उठलेलो नाही.

तुमच्या त्या वहीचंही बोलायचं राहिलंय. कुठल्या आवाजाचा अर्थ काय, कुठला वास आला की काय उघडून बघायचं, हे तीस वर्षांचं तुम्ही खिशातल्या तेलकट वहीत टिपून ठेवलं होतं. रिटायर व्हायच्या आधी ती मला दिलीत, ‘जरा सुवाच्य उतरवून दे’ म्हणून. दोन महिने रोज ड्यूटी सुटल्यावर मी उतरवत होतो. मला वाटत होतं, ही आपल्यालाच मिळणार. निरोपाच्या दिवशी माझ्या अक्षरातली ती वही तुम्ही सगळ्यांदेखत त्याच्या हातात ठेवलीत, आणि मला एक नवं पेन दिलंत. माझं तोंड पडलेलं तुम्हाला दिसलं असावं. जाता जाता म्हणालात, ‘अरे, तुला कशाला वही? लिहिता लिहिता तुझ्या डोक्यात बसलीच असंल की.’ नव्हती बसली, सर. मी नुसती उतरवली होती. त्या रात्री त्यानं ती वही माझ्यापुढे धरली, ‘दोघांची समज,’ म्हणाला. मी म्हणालो, मला गरज नाही.

तुमच्यानंतर काय काय झालं ते तुम्ही बघितलं नाहीत तेच बरं. जुनी विमानं एकेक करून काढली, त्यांच्या जागी यायची ती येणार येणार म्हणत राहिली. शेजारचं स्क्वाड्रन मिटलं. हातात कसब असलेली माणसं वीस वर्षं भरली की पेन्शन घेऊन निघून जायला लागली, कुणी खासगी विमान कंपनीत, कुणी बँकेत सिक्युरिटीला. विमानं कमी झाली, माणसं कमी झाली, वाढली ती फायलींची कपाटं. तुम्ही दुपारच्या आत बदललेल्या पंपासाठी आता आधी मागणीपत्र, मग कॉम्प्युटरवर नोंद, मग तीन सह्या, आणि शेवटी ‘उपलब्ध नाही’ असा शिक्का. ज्यांनी उभ्या जन्मात पाना धरला नाही ते उंटावरून शेळ्या हाकतात आणि आम्ही खाली कागदी घोडे नाचवतो. मी तर त्या घोड्यांचा सरदारच झालो. प्रमोशनं मिळत गेली, आज तुमच्याच हुद्द्यावर आहे. पण इंजिन थांबलं की पोरं माझ्याकडे बघतात, आणि मी म्हणतो, ‘फॉर्ममध्ये लिहा.’

त्याची वीस वर्षं भरत आली तेव्हा त्याला आणखी राहायचं होतं. तो राहिला असता तर निदान दहा पोरांना ऐकायला शिकवून गेला असता. त्यानं मुदतवाढीचा अर्ज केला. अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जायचा होता. त्याच सुमारास तुमचा फोन आला. दोन वर्षांनी आवाज ऐकला तुमचा. तब्येत बिघडली होती, मधेच दम लागत होता. ‘त्याला सोडू नका रे,’ म्हणालात. ‘तो गेला तर तिथं ऐकणारं कुणी न्हाई उरायचं. त्याच्या कागदाकडं तू बघ.’ मी म्हणालो, ‘बघतो, सर.’ माझं काय चाललंय हे तुम्ही विचारलं नाहीत. मी थोडा वेळ वाट बघितली. तुम्ही ‘ठीक’ म्हणालात आणि फोन ठेवलात. तीन महिन्यांनी अर्ज परत आला. वैद्यकीय तपासणीच्या तारखेचा रकाना रिकामा होता. तो भरून पुन्हा पाठवायला मुदत उरली नव्हती. तुम्हाला मी कळवलं, ‘वरूनच नाही झालं.’

गेल्या जूनमध्ये मुलीला लातूरला क्लासला घातलं. तिला डॉक्टर व्हायचंय. तिथं आता गल्लीगल्लीत हॉस्टेलं झाली आहेत, त्यातल्या तिच्या हॉस्टेलच्या दारात तो उभा होता. हॉस्टेलचा पंप, जनरेटर, लिफ्ट सगळं तो बघतो. मला ओळखून गळ्यातच पडला. बोलता बोलता मधेच थांबला, ‘वरची टाकी भरली,’ म्हणाला आणि जाऊन मोटार बंद करून आला. आठवड्यानं मुलीचा फोन, ‘बाबा, काकांना नुसत्या आवाजावरून सगळं कळतं. तुम्हाला येतं का असं?’ इतक्या वर्षांनी, हॉस्टेलच्या पाण्याच्या मोटारीवरून, मी पुन्हा जळालो. आम्ही भेटलो त्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला होता, ‘माझा कागद कुठं अडकला काय की. जाऊ दे. पण तू होतास म्हणून जायचे कागद लई लवकर झाले बघ. पेन्शन एक महिना सुदिक लांबली न्हाई.’ खरं आहे. त्याच्या जाण्याचा एकही कागद मी माझ्या टेबलावर दुसऱ्या दिवसापर्यंत राहू दिला नव्हता.

सर, तो रिकामा रकाना अर्ज पुढे पाठवायच्या आधीच मला दिसला होता. हँगरमध्ये जाऊन त्याला हाक मारायची, तारीख विचारायची, एवढंच काम होतं. मी अर्ज पाकिटात घातला आणि चिकटवला. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच तुम्हाला लिहितोय. ज्याला लिहायला हवं तो लातूरला आहे, त्याचा पत्ताही माझ्याकडे आहे. तो तळ सोडून गेला त्या दिवशी मी त्याची ट्रंक गेटपर्यंत उचलली, सगळे म्हणाले काय ही दोस्ती, आणि मला मनातून बरं वाटत होतं.