चौरस पलंगाचा कर्ण

नंदनवन, नागपूर

आदरणीय रुपरावजी यांस,

सविनय नमस्कार. उमरेडला आपली कंबर व आपला रंधा दोन्ही सुरळीत चालत असतील, अशी आशा करतो. सुमतीला जाऊन परवा आठ महिने झाले. तिच्या भावाला हे कळवण्याची गरज नाही. तरी लिहिल्याखेरीज पुढे सरकता येईना.

लग्नात आपण स्वहस्ते करून दिलेल्या पलंगाविषयी चिरंजीव अश्विनची तक्रार आहे. पलंग साडेपाच फूट लांब, साडेपाच फूट रुंद. मी सहा फूट एक इंच. यात आपला दोष नाही. पाहण्याच्या कार्यक्रमात आपल्या बहिणीला उभी केली, चालवली. मुलाला उभे करण्याची पद्धत नसल्याने (आणि मुलगी ठेंगणी असल्यामुळे आईने मला तशी ताकीदच दिल्याने) मी अखेरपर्यंत बसून होतो. आपण बसलेल्या माणसाचे माप डोळ्यांनी घेऊन गेलात. परिणामी बत्तीस वर्षे मी गुडघे दुमडून झोपलो. क्वचित पाय बाहेर राहिलेच, तर ती म्हणे, “काहून जी, चोराले पाडाले पाय बाहेर ठेवून राह्यले का?”

“पप्पा, आता तरी लंबा पलंग घ्या ना,” असे अश्विन म्हणाला. मी भूमितीने उत्तर दिले. चौरसाचा कर्ण त्याचे दोन काटकोन त्रिकोण करतो. तेव्हा सहासष्ट इंचांचा वर्ग दोनदा घेऊन बेरीज करावी व वर्गमूळ काढावे. सुमारे त्र्याण्णव इंच येतात. म्हणजे तिरपे झोपल्यास वीस इंच शिल्लक! (पडताळ्यासाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली. कामाला आलेल्या प्रयागबाईंनी विचारले, “साहेब, पलंगावर कपडे वाळू घालून राह्यले काय?”) प्रत्यक्षात उशी तीनदा कोपऱ्यावरून घसरली, कारण रेषेला रुंदी नसते आणि मला खांदे आहेत. तथापि आता उत्तम जमते, असे मी अश्विनला कळवले आहे.

आपला नम्र,
कवडू नथ्थूजी भोयर, बी. एस्सी.

ता. क. : शेवटचे वाक्य असत्य आहे. तिरपा मी एकदाच झोपलो. कर्ण तिच्या बाजूवरून जातो. सध्या माझ्या अर्ध्या भागात, गुडघे दुमडून, गाढ झोप लागते.

आणखी ता. क. : रविवारी अश्विन सात फुटी पलंग सांगायला आपल्याकडे येत आहे. सागवान संपले म्हणावे. अंगणात दिसलेच, तर दुसऱ्याचे म्हणावे. तरीही हटला नाही, तर माप घ्यायला वडिलांनाच पाठव म्हणावे. मी येणार नाही.