शंभर भस्त्रिका आणि एक बुडी

५ ऑक्टोबर, रामवाडी
मेव्हणा निकेश रोह्याहून आला तो फुशारक्या मारत. मालवणला स्कूबा केलं, नायट्रॉक्सचं सर्टिफिकेट काढलं. म्हणे त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन जास्त असतो, पण फार खोल गेलं की तोच विष होतो, झटके येतात. ऑक्सिजन आणि विष! सासुरवाडीचं शास्त्र.
संकल्प: भाऊबीजेला गडबच्या आमच्या विहिरीत दोन मिनिटं बुडी. बिनसिलिंडर. बारा वर्षं प्राणायामाचा वर्ग उगाच नाही चालवत.

८ ऑक्टोबर, स. ६
बादलीत तोंड घालून सराव. ३८ सेकंद. बादली लहान आहे.
बायको, नम्रता, म्हणाली, चोपन्न वय झालं. तिला कोणी विचारलं होतं?

१२ ऑक्टोबर
आधी पन्नास भस्त्रिका, मग बादली. ७० सेकंद! श्वास घ्यावासाच वाटला नाही. बोटांना मुंग्या आल्या, म्हणजे प्राण खेळतोय.

१५ ऑक्टोबर, गडब
वाडीवरचा धोंडी विहिरीत पडलेले पंप बुड्या मारून काढतो. त्याला माझं तंत्र दाखवलं. म्हणाला, जोरजोरात दम घेऊन बुडी मारू नका, दम सरल्याचं समजतच नाय. नि एकट्यानं तर नायच. त्याचा भाऊ कान्हू असाच गेला.
ऐकून वाईट वाटलं. पण कान्हूची भस्त्रिका शास्त्रशुद्ध नसणार.

१९ ऑक्टोबर
निकेशला फोनवर आव्हान दिलं. म्हणाला, भावोजी, नका करू, मी हरलो समजा. घाबरला!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, स. ९, विहिरीवर
शंभर भस्त्रिका झाल्या. डोकं हलकं. नम्रता घड्याळ घेऊन काठावर. ओरडायचं नाही, एकाग्रता मोडते, अशी सक्त ताकीद दिली आहे. तिने धोंडीलाही बोलावून ठेवलंय. असू दे, प्रेक्षक हवेतच.

त्याच दिवशी, सायं. ५, पेण, दवाखाना
त्रास काहीच झाला नाही. खरंच, काहीच नाही. मग एकदम आभाळ, धोंडीचं ओलं तोंड आणि नम्रताचा ओरडा. एवढी ताकीद देऊनही.
छातीत पाणी गेलंय, दोन दिवस ठेवणार. निकेश बाहेर बाकावर बसलाय. नम्रता माझा डावा हात सोडत नाही. मीही सोडवून घेतलेला नाही. भीती वाटते.
घड्याळात दोन मिनिटं सात सेकंद. धोंडीला म्हटलं, संकल्प पुरा झाला.
तो म्हणाला, शेवटचं अर्धं मिनिट धरू नका, तवा तुमी नव्हताच.