बस आणि बंब एकाच पानावर

४ नोव्हेंबर, मंगळवार

पावणेनऊला पहिला फोन. मी "नगर कार्यालय, सामान्य विभाग, सुनागा बोलतेय" म्हणतेय तोवर समोरून — "आमची बस बंद करून परक्यांना बंब फुकट वाटताय होय?" आणि खाडकन ठेवला. मला आधी काही कळेचना. संध्याकाळपर्यंत एकोणीस फोन झाले.

चूक माझीच. कार्यालयाच्या या महिन्याच्या नगरपत्रिकेची पानं मीच लावली. तिसऱ्या पानावर वरच्या बाजूला — डोंगरवस्तीची बस येत्या एप्रिलपासून बंद, पाणीपट्टीत वाढ. खाली अर्धं पान रिकामं राहत होतं म्हणून तिथं बंबाची बातमी टाकली. तिसऱ्या अग्निशमन पथकाचा बावीस वर्षांचा जुना बंब लाओसमधल्या एका गावाला भेट! वर फोटोही चांगला मोठा — पथकातली माणसं बंब पुसताहेत आणि हसताहेत. मला वाटलं, वर वाईट बातमी, खाली चांगली, वाचणाऱ्याला जरा बरं वाटेल. अक्कल गहाण ठेवली होती मी.

५ नोव्हेंबर

दिवसभर एकच पाठ. बंब नियमानं बाद झालाय — भंगारातच जाणार होता — जहाजाचा खर्च एक संस्था करतेय — गावाचा एक येनसुद्धा जात नाही. चाळीस वेळा तरी म्हटलं असेल. कुणी ऐकत नाही.

आणि कुठल्या तोंडानं म्हणू की ऐका? एक गृहस्थ म्हणाले, "बाई, पाच किलो तांदूळ चार हजारांच्या वर गेलाय. भाताच्या गावात राहून मी रात्री नूडल्स खातो. मला लाओस कुठं आहे ते सांगू नका." आवाज चढवला नाही त्यांनी. तेच जास्त लागलं. एक म्हातारी म्हणाली, "घरात नाही दाणा अन् म्हणे हवालदार म्हणा!" मला हसूच फुटलं. तिला ते ऐकू गेलं. "हसा, हसा. तुमचा पगार दर महिन्याला येतोय ना!"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक वेगळा फोन. पुरुष, शांत. "सुनागाबाई ना? पांढरी छोटी गाडी. मागच्या काचेत निळी उशी." बस, एवढंच.

घरी येताना सारखी आरशात बघत होते. मागची गाडी तीन वळणं माझ्याच मागे. चौथ्या वळणाला ती किराणा दुकानाकडे वळली आणि मी रस्त्याच्या कडेला थांबले. उशी काढून डिकीत टाकली.

तेत्सुरोला सांगितलं नाही. त्यांच्या कारखान्यात चमचे-काट्यांना मागणी नाही, आठवड्यात दोन दिवस घरीच असतो नवरा माझा. हीटर न लावता, जाकीट घालून टीव्हीसमोर. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "तुमच्या कार्यालयाला दुसरे उद्योग नाहीत का? आमच्या कारखान्याला लाओसवाले काम देणार आहेत का?" हा तर माझा नवरा! फोनवरच्यांना काय बोलायचं?

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंनी पत्रिका आज वाचली. भिंगातून, अक्षर अन् अक्षर. दर गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जायला त्यांना तीच बस.

"बस बंद करणारी तूच ना?"

"मी फक्त छापलं, आई."

"मग एप्रिलपासून पाठुंगळी घेऊन चल मला." मग बराच वेळ बंबाचा फोटो बघत बसल्या. "हा जाऊ दे. चांगला आहे अजून."

तेत्सुरो म्हणाला, "आई, तुझी बस जातेय आणि तुला बंबाचं कौतुक?"

"बंब अडवला तर बस परत येणार आहे का? शाळेत आम्हाला परदेशातून आलेलं पावडरचं दूध द्यायचे. असला वास मारायचा! नाक दाबून प्यायचो. पण प्यायचो. ज्यांनी पाठवलं त्यांच्या घरी काय सगळं ऊतू चाललं होतं?"

त्यांना सोपं आहे. त्यांना फोन उचलावे लागत नाहीत.

११ नोव्हेंबर

कुणीतरी माझा फोटो नेटवर टाकलाय. गेल्या वर्षीच्या उत्सवातला, मी कागदी पेल्यातून सूप वाटतेय. चेहऱ्याभोवती लाल गोल. खाली लिहिलंय — 'गाव विकणारी ही'. आमचे विभागप्रमुख ओकिता साहेब, त्यांनी विभागातल्या सगळ्यांना सांगितलं, गळ्यातली नावाची पट्टी काही दिवस उलटी घाला. आता आम्ही सगळे बिननावाचे! लोक समोर येतात, आधी पट्टी बघतात, मग तोंड बघतात.

जेवण जात नाही. दाराची कडी दोनदा तपासते.

१२ नोव्हेंबर

आज फोन फक्त सहा. ही शांतता जास्त भयंकर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहू की नको? लिहितेच. दुसरीकडे कुठं सांगणार?

आज लवकर घरी आले. पायरीवर शेजारमंडळाची घरोघर फिरणारी सूचनांची फाइल. सासूबाई दवाखान्यात, तेत्सुरो कामावर. फाइल नेहमी सासूबाईच बघतात, सहीऐवजी घराच्या नावाचा शिक्का मारतात आणि पुढच्या घरी देऊन येतात. त्यांचं काम ते.

आत बर्फ काढायच्या पाळ्यांचा कागद, आणि त्याखाली आणखी एक. मंडळाचे प्रमुख मात्सुएदाकाका, त्यांच्या अक्षरात — 'बंब परदेशी पाठवू नये. विकून येईल ते बसला द्यावं. मान्य असलेल्या घरांनीच शिक्का मारावा. जबरदस्ती नाही.'

मात्सुएदाकाका माणूस वाईट नाही. त्यांचं सुतारकाम बंद पडलं, तरी दर हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ न सांगता काढून जातात. म्हणूनच तर लोक त्यांचं ऐकतात.

आमच्या आधीची अकरा घरं. अकरा लाल शिक्के, एकाखाली एक. मग आमची रिकामी चौकट. ती रिकामी राहिली तर पुढच्या चौतीस घरांना दिसणार — सुनागा, कार्यालयातली, तीच ती. फोनवरच्याला गाडी ठाऊक होती. घर ठाऊक व्हायला कितीसा वेळ?

तेवढ्यात फाटकाशी पुढच्या घरच्या नेमोतोबाई. "फाइल आली असेल ना तुमच्याकडे? मीच नेते, तुम्हाला फेरा नको." आणि दारात उभ्याच राहिल्या. मान उंचावून बघत.

कपाटाच्या खणातून शिक्का काढला आणि मारला. घाईत जरा वाकडाच उमटला. नेमोतोबाईंनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी गोड हसलं! "बरं केलंत हो," म्हणाल्या. मला खरंच बरं वाटलं. तेच लिहायचं होतं. मला बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

सासूबाई : "या आठवड्यात फाइल कशी आली नाही?"

मी : "आली होती. दिली पुढं. विशेष काही नव्हतं, बर्फाच्या पाळ्या."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अर्ज कार्यालयात आला. सेहेचाळीस घरं, सेहेचाळीस शिक्के. मात्सुएदाकाका स्वतः घेऊन आले, कोट घालून. मला बघून ओशाळले. हळूच म्हणाले, "तुमच्याविरुद्ध काही नाही, बरं का."

ओकिता साहेब एकेक शिक्का बघत गेले. आमच्या शिक्क्यापाशी थांबले. "सुनागाबाई, तुमच्याही घराचा?"

माझ्या तोंडून काय निघावं? "फाइल सासूबाई बघतात, साहेब. म्हाताऱ्या माणसाला बस हवी असते."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना माझी दया आली, ते दिसलं मला. मी ती घेतली.

२० नोव्हेंबर

ठरलं. बंब जाणार नाही. २८ तारखेला भंगारवाला येणार. तिसऱ्या पथकातल्याही निम्म्या माणसांच्या घरांचे शिक्के त्या कागदावर आहेत. लाओसला पत्र मलाच लिहायचंय. त्यांनी बंबावरचं आमच्या गावाचं नाव पुसू नका म्हणून कळवलं होतं, लहान मुलांना दाखवायचंय म्हणे. तीन मसुदे फाडले.

दुपारी एक फोन — "शाबास! असंच करत जा." आवाज तोच, पांढऱ्या गाडीवाला.

रात्री दहाला पडले ती सकाळी सहालाच उठले. लाज वाटायला हवी होती. झोप लागली!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाई कार्यालयात आल्या. आज गुरुवार नाही, तरी बसनं. अर्जावर आमचाही शिक्का आहे, एवढंच नेमोतोबाईंकडून कळलं होतं त्यांना; मारला कुणी, ते नाही. रांगेचा आकडा घेतला, खुर्चीवर बसल्या, आणि आकडा लागल्यावर सरळ ओकिता साहेबांसमोर.

"त्या कागदावर आमच्या घराचा शिक्का आहे म्हणतात. मी मारलेला नाही. मुलगा त्या दिवशी कामावर होता. आणि माझी सून? ती तर त्याच बंबापायी शिव्या खातेय महिनाभर. आमच्या घरातून कुणी असं करणार नाही. कुणीतरी खोटा मारलाय. चौकशी करा."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं; फाइल सासूबाई बघतात, हे मीच त्यांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, एक खोटा निघाला तर सगळेच तपासावे लागतील, तोवर बंब हलणार नाही. मग पुन्हा माझ्याकडे वळले. "सुनागाबाई, ही फाइल घरोघर कोण फिरवतं?"

सासूबाईंनी माझा हात धरला होता.

"मात्सुएदाकाका," मी म्हणाले. साहेबांनी नाव लिहून घेतलं.